प्रश्न छत्री उघडण्याचा

उपग्रह लहान होत गेले, संगणकीय चिपा बारीक झाल्या. अँटेना मात्र या घोडदौडीत मागे राहिला. लहरी अरुंद झोतात एकवटायच्या, तर तबकडी मोठीच हवी. कंप्रता वाढवली की त्याच आकारात झोत अधिक अरुंद होतो. लहान उपग्रहांना 'केए' पट्ट्याचे आकर्षण आहे ते यामुळेच. पण 35.75 गिगाहर्ट्‌झला तरंगलांबी अवघी 8.4 मिलिमीटर असते. तबकडीचा पृष्ठभाग मिलिमीटरच्या काही दशांशांहून अधिक ढळला, तरी ऊर्जा विखुरते. म्हणजे अँटेना डब्यात घडी होऊन मावला पाहिजे आणि उघडल्यावर घडीची खूणही राहता कामा नये.

उघडणे हीच जोखीम आहे. गुरूकडे निघालेल्या 'गॅलिलिओ' यानाची 4.8 मीटर व्यासाची छत्री एप्रिल 1991 मध्ये पूर्ण उघडलीच नाही. काही काड्या अडकून राहिल्या. सेकंदाला 1,34,000 बिट पाठवू पाहणाऱ्या यानाला अखेर जास्तीत जास्त 160 बिटांवर भागवावे लागले. अडकलेली काडी हलवून पाहायला तेथे कोणी नसते!

या पार्श्वभूमीवर नासाच्या 'रेनक्यूब'चे मोल कळते. सुमारे 12 किलोचा, ब्रीफकेसएवढा हा उपग्रह जुलै 2018 मध्ये अंतराळ स्थानकातून सोडण्यात आला. अर्ध्या मीटरचा जाळीदार अँटेना त्याच्या पोटात, दीड लिटरच्या जागेत, दुमडलेला होता. तो नीट उघडला आणि ऑगस्टमध्ये रडारने मेक्सिकोतील डोंगरांवरचा पाऊस टिपला. डिसेंबर 2020 मध्ये उपग्रहाचे आयुष्य संपले, पण मुद्दा सिद्ध झाला होता.

मुद्दा पावसाचा आहे. पर्जन्य-रडार वाहणारा 'जीपीएम' मोहिमेचा मुख्य उपग्रह 3,850 किलोचा. तो एका जागेवरून पुन्हा जाईपर्यंत ढग केव्हाच बरसून मोकळा होतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तर कुलाब्याला जेमतेम 73. असा ढग फुगताना पाहायचा तर काही मिनिटांच्या अंतराने एकामागोमाग जाणारे लहान उपग्रह हवेत, आणि ते परवडायचे तर अँटेना दुमडावाच लागेल.

भारताला हे तंत्र अगदीच परके नाही. 2015 मध्ये 'जीसॅट-6' वर 'इस्रो'ने सहा मीटरचा अँटेना उलगडून दाखवला. पण तो 'एस' पट्ट्याचा. तेथे तरंगलांबी काही सेंटिमीटर असते, जाळीचे थोडे उणे-अधिक खपून जाते. जुलै 2025 मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेल्या 'निसार'चा 12 मीटरचा परावर्तक तर अमेरिकेने पुरवलेला आहे. मोठ्या उपग्रहावरचे हे यश कौतुकास्पदच; परंतु मिलिमीटरच्या अचूकतेची, मुठीत मावणारी छत्री हे वेगळे काम आहे. त्याला रॉकेटएवढा पैसा लागत नाही. लागतात ते बारीक तारेची जाळी विणणारे, बिजागऱ्या घडवणारे कारागीर आणि निर्वात कक्षात तीच घडी शंभरदा उघडून पाहण्याची चिकाटी.