आधी ओळखा, मग कुऱ्हाड उचला



गेल्या काही बैठकांत एक तक्रार सारखी कानावर येते. धुऱ्यावरची काटेरी झुडपे वावरात शिरली. नाल्याच्या काठाने बैलगाडी जात नाही. ई-क्लासच्या जमिनीत गुरे सोडायची सोय राहिली नाही. तक्रार खरी आहे. पण त्याच बैठकांत दुसरीही एक गोष्ट समजली आणि तिची आम्हाला जास्त काळजी वाटली.

एका गावात धुरा साफ करायला मजूर लावले. दोन दिवसांत धुरा मोकळा झाला. मालक पाहायला गेला, तर विलायती झुडपांबरोबर त्याच्या आजाने राखलेल्या तीन गावठी बाभळीही आडव्या पडलेल्या. मजुरांचा दोष नव्हता. 'बाभळी तोडा' एवढेच त्यांना सांगितले होते. पुढच्या पावसात विलायती झुडपे बुडातून पाच-पाच, दहा-दहा फांद्यांनी फुटली. गावठी बाभळी मात्र गेल्या त्या गेल्या. मजुरीही गेली, झाडेही गेली आणि शत्रू होता त्याहून दाट झाला.

म्हणून या अंकात एवढेच सांगायचे आहे. वेडी बाभूळ काढलीच पाहिजे, पण काढण्याआधी ती ओळखता आली पाहिजे.

ही बाभूळ मुळात आपली नाही. तिचे माहेर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात. शास्त्रज्ञ तिला प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा म्हणतात. 1877 च्या सुमारास जमैकाहून बी आणून मद्रास इलाख्यातल्या कडप्पा जिल्ह्यात ती लावली गेली. जोधपूर संस्थानाने 1940 मध्ये तिला राजवृक्षाचा मान दिला. कच्छच्या बन्नी या गवताळ मुलखात 1961 पासून वनखात्याने खारे वाळवंट थोपवण्यासाठी ती लावली. हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. ओसाड जमीन हिरवी व्हावी, गरिबाला सरपण मिळावे, हाच विचार होता. पण आज बन्नीच्या बऱ्याचशा गवताची जागा या काट्यांनी घेतली आहे आणि तिथला पशुपालक चाऱ्याला महाग झाला आहे.

लोकांनी तिला दिलेली नावे पाहा. कच्छमध्ये ती 'गांडो बावळ', म्हणजे वेडी बाभूळ. तेलुगूत तिला 'सर्कार तुम्मा' म्हणतात, म्हणजे सरकारी बाभूळ. झाड कुणी आणले आणि काटा कुणाच्या पायात मोडला, याचा सगळा हिशेब त्या दोन शब्दांत आला आहे.

आता ओळख. एकाच खुणेवर विसंबू नका. काट्यावर तर मुळीच नाही. गावठी आणि वेडी, दोघींचेही काटे सरळ आणि जोडीने येतात. वेड्या बाभळीच्या काही झाडांना तर काटे नसतातच. निदान तीन खुणा जुळल्या तरच कुऱ्हाड लावा.

पहिली खूण शेंगेची. उन्हाळ्यात गावठी बाभळीला फूल नसते, तेव्हा शेंगच पाहावी लागते. गावठी बाभळीची शेंग राखाडी, मखमली लवेची आणि प्रत्येक बीपाशी आवळलेली, जणू मण्यांची माळ. वेड्या बाभळीची शेंग लांब, जाडसर, किंचित वाकडी, पिकली की कडब्यासारखी पिवळी आणि चवीला गोड. तिला माळेसारखे आवळे नसतात.

दुसरी खूण फुलाची. गावठी बाभळीचे फूल म्हणजे पिवळाधमक गोल गेंद. वेड्या बाभळीचे फूल गोल नसते. बोटाएवढा लांब, हिरवट पिवळा तुरा फांदीला लोंबतो.

तिसरी खूण पानाची. गावठी बाभळीच्या एका पानात काड्यांच्या तीन ते आठ जोड्या असतात आणि त्यांवरची पाने ज्वारीच्या दाण्याएवढी बारीक. वेड्या बाभळीत काड्यांच्या एक-दोन, फार तर तीन जोड्या आणि पाने दाण्याच्या तीन-चार पट लांब.

चौथी खूण अंगलटीची. गावठी बाभूळ मोकळी वाढली तर एका खोडावर उभी राहते. तिची साल काळपट आणि उभ्या खोल भेगांची. वेडी बाभूळ बुडापासूनच अनेक फांद्यांनी पसरते. फांद्या नागमोडी जातात आणि जमिनीकडे झुकतात. भर उन्हाळ्यात सारे रान करपलेले असताना ही मात्र हिरवी असते.

आणि पाचवी परीक्षा बकरीची. हिरवा पाला तोडून तिच्यापुढे धरा. गावठी बाभळीच्या पाल्यावर ती तुटून पडेल. वेड्या बाभळीच्या पाल्याला पोटात आग पडल्याशिवाय तोंड लावणार नाही.

आणखी तीन झाडे फसवतात. हिवराला काटे जोडीने असतात, पण त्याची साल पांढुरकी पिवळट आणि फुले बारीक गोल, मोठ्या झुपक्यात. खैराला लांबट तुरा येतो, पण त्याचे काटे आखूड आणि आकड्यासारखे वाकलेले, शेंग चपटी, तपकिरी आणि पातळ. शमीचा तुराही लांबट, पण तिचे काटे लहान, जोडीने नव्हे तर फांदीवर विखुरलेले. ही तिन्ही आपली झाडे आहेत. वेड्या बाभळीच्या रागात त्यांच्यावर घाव घालू नका.

गावठी बाभळीसाठी एवढा आटापिटा कशाला, असे कुणी विचारेल. वखराचे खोड, तिफणीचे दाते, चाकाचे आरे आपण कशाचे करत आलो? डिंक कशाचा? उन्हाळ्यात शेळ्या कुणाच्या शेंगांवर जगतात? कोरडवाहू शेतकऱ्याच्या धुऱ्यावरची बाभूळ म्हणजे त्याची न बुडणारी पेढी आहे. कापूस फसला, ज्वारी करपली, तरी तिने घर तारलेले आहे. ती आपल्याच हाताने तोडायची आणि मजुरीही आपणच द्यायची, असला व्यवहार आपल्याला परवडणारा नाही.

वेडी बाभूळ पसरते ती आपल्याच गुरांच्या पोटातून. गोड शेंग गुरे आवडीने खातात. कठीण कवचातले बी पचत नाही, ते शेणातून बाहेर पडते आणि खतासकट रुजते. म्हणून शेंगा पिकण्याआधी झुडूप काढा. शेंगा खाल्लेल्या गुरांचे ताजे शेण वावरात टाकू नका. शेंगा चारायच्याच असतील तर दळून, थोड्या आणि दुसऱ्या चाऱ्यात मिसळून चारा. दळल्याने बी मरते. नुसत्या शेंगांवर ठेवलेले जनावर आजारी पडते.

काढायची रीतही समजून घ्या. जमिनीबरोबर तोडणे म्हणजे तिची छाटणी करणे. फुटव्याचे डोळे मुळाच्या मानेपाशी, मातीखाली असतात. टिकासाने भोवतालची माती काढा आणि निदान वीतभर खाली मूळ तोडून बुडखा उपटून टाका. जाळूनही भागत नाही, बुडखा पुन्हा फुटतो. सर्वांत स्वस्त काम पहिल्या पावसानंतरचे. ओल्या जमिनीत गुडघ्याखालचे रोप हाताने निघते. आज जे काम घरातले पोर खेळता खेळता करील, त्यालाच तीन वर्षांनी चार माणसे आणि दोन दिवस लागतील. मोकळी झालेली जागाही उघडी ठेवू नका. तिथे गवताचे बी टाका, नाहीतर वेडी बाभूळच परत येईल.

एका गोष्टीचा विचार झालाच पाहिजे. आज भूमिहीन मजुराची चूल बऱ्याच गावांत या झाडावर पेटते. आपण झाड काढू आणि त्याची चूल विझवू, हे चालणार नाही. निघालेले सरपण आधी त्याच्या घरी जाऊ द्या. धुऱ्यावरचे सरपण देणे मालकाच्या हाती आहे, ई-क्लासच्या सरपणाचा ठराव ग्रामसभेने करावा.

आणि खर्च? आपल्या धुऱ्यावरचे आपण काढू. पण नाल्याचा काठ, गायरान, रस्त्याची कड ही एकट्या शेतकऱ्याची जबाबदारी नाही. लावताना सरकारने हौसेने लावले, आता काढताना शेतकऱ्याच्या खिशाकडे बोट दाखवता येणार नाही. प्रत्येक गावाने ग्रामसभेत ठराव करून हे काम रोजगार हमीच्या आराखड्यात घ्यायला लावावे. त्या ठरावात एक अट स्पष्ट लिहावी: बुडखा मुळासकट निघाला तरच काम पूर्ण समजले जाईल. नाहीतर दरवर्षी छाटणी होईल, दरवर्षी बिले निघतील आणि झाड तिथेच राहील.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या धुऱ्यावरच्या काटेरी झाडांची एक-एक फांदी आणावी, पान, काटा आणि शेंग यांसकट. सगळ्या फांद्या एका सतरंजीवर मांडू, म्हाताऱ्यांना आणि शेळ्या राखणाऱ्या मायबहिणींना पुढे बसवू आणि त्यांच्याकडून ओळख शिकू. ज्याला पाचही झाडे वेगळी सांगता येतील, त्यानेच आपल्या गावात मजुरांना धुरा दाखवावा.