आधी चालवून बघा, मगच जुनी डिस्क पुसा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, त्यामुळे कितीतरी धडधाकट संगणक जुन्यात जमा झाले. रत्नागिरीत नवा संगणक एका दुपारी मिळतो. त्यावर जुनं काम नेणं मात्र जिकिरीचं.

मराठी छपाईचंच बघा. पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या स्मरणिका आणि गावांचे इतिहास त्यात पडून आहेत. फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. अशा कामासाठी विंडोज एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभारलेल्या संगणकात, जपून ठेवणं हा सर्वांत भरवशाचा उपाय. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला, म्हणून त्या मशीनला इंटरनेट देऊ नये.

असं मशीन नव्या संगणकावर नेताना घोळ होतो तो फायलींचा. ते चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या क्षणाच्या स्थितीच्या नोंदी, घेतले असतील, तर मूळ डिस्क-फाइल पहिल्या स्नॅपशॉटपाशीच थांबते. पुढचं काम ‘स्नॅपशॉट्स’ फोल्डरमधल्या वेगळ्या फायलींत साठतं. सर्वांत मोठी फाइल तेवढी उचलली, तर त्यानंतरचं सगळं काम मागे राहतं. त्यामुळे मशीन पूर्ण शटडाऊन करून अख्खं फोल्डर न्यावं, नाहीतर एक्स्पोर्ट करून एकच ओव्हीए फाइल बनवावी. ‘सेव्ह स्टेट’ करून ठेवलेलं मशीन वेगळ्या प्रोसेसरवर उठेलच असं नाही. शिवाय पेनड्राइव्ह फॅट३२ असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर मावत नाही.

इतकं करूनही मशीन सुरू झालं नाही, तर सगळं पुसून नव्याने विंडोज टाकायची घाई करू नये. दोष बहुधा सेटिंगमध्ये असतो.

‘व्हीटी-एक्स’ बंद असल्याचा संदेश आला, तर नव्या संगणकाच्या बायोसमध्ये जाऊन ती सोय चालू करावी; एएमडीच्या संगणकात तिचं नाव एसव्हीएम. निळ्या पडद्यावर शेवटी ‘७बी’ असलेला आकडा दिसला, तर डिस्कची जोडणी तपासावी. एक्सपीकडे साटाचा ड्रायव्हर मुळात नसतो. आयडीईवरची डिस्क नव्या मशीनमध्ये साटावर लावली की ती एक्सपीला सापडत नाही. नेटवर्क कार्ड मिळत नसल्याची तक्रार आली, तर ब्रिज्ड जोडणीत जुन्या संगणकाच्या कार्डाचं नाव राहिलेलं असतं. तिथे नवं कार्ड निवडावं. एक्सपीपुरतं मात्र नेटवर्क बंदच करावं.

पण खरा प्रश्न राखीव प्रत कुठे ठेवायची, या सवयीचा आहे. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१, दोन्ही वेळा वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथांनाही त्याची झळ बसली. संगणकाशेजारच्या कपाटात ठेवलेली प्रत पुरात त्याच्याबरोबरच जाते. आणि दुसऱ्या संगणकावर कधी चालवूनच पाहिली नाही, त्या प्रतीवर भरवसा तरी कसा ठेवायचा?

संगणक विकणाऱ्यांनी ग्राहकाचं जुनं मशीन नव्यावर सुरू करून, त्यातून एक पान छापून दाखवल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानू नये. छापखाने, ग्रंथालयं आणि शाळांनी यंदा पावसाळ्याआधी एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी आणि तिथल्या संगणकावर ती चालवून बघावी. तोवर जुन्या डिस्कला हात लावू नका.