दोन तबकड्या, दोन बैठकी

आर्केड फायर हा माँट्रियलचा बँड. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्यांचा ‘रिफ्लेक्टर’ हा दोन सीडींचा अल्बम आला आणि श्रोत्यांमध्ये सरळ दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, बँडचं सर्वांत धाडसी काम हेच. दुसरी बाजू म्हणते, चांगल्या चाळीस मिनिटांत पाणी घालून सव्वा तास केला आहे. इतकी वर्षं झाली तरी कॅनडात या बँडचा विषय निघाला की हा वाद निघतोच. आपल्या मराठी घरांतली मुलं तो घालतात, आणि आता त्यांचे आईवडीलही त्यात पडू लागले आहेत. त्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे: हा अल्बम एका दमात ऐकू नका.

एकूण गाणी तेरा, वेळ साधारण पंचाहत्तर मिनिटं. ओढूनताणून ती एका सीडीवर बसलीही असती. बँडनं मुद्दाम सात आणि सहा अशी वाटणी केली. फोनवर ऐकताना ही वाटणी कळतच नाही, गाण्यामागून गाणं सुरू होत राहतं. सातवं गाणं ‘जोन ऑफ आर्क’. ते संपलं की थांबा. उरलेली सहा दुसऱ्या दिवशी ऐका. गाणी उलटसुलट क्रमानं लावू नका आणि गाडी चालवतानाही नको. ‘फार लांबलंय’ ही या अल्बमबद्दलची सर्वांत मोठी तक्रार आहे, आणि तिच्यातला बराचसा भाग सलग ऐकण्यानं आलेला आहे, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या भागाची सुरुवात ‘हिअर कम्स द नाइट टाइम’च्या संथ, मंद उत्तरार्धानं होते. पहिल्या भागाच्या दणदणाटातून कान थेट त्यावर आले, तर गाणं मरगळलेलं वाटणारच. तेच गाणं ताज्या कानांनी ऐकलं की पुढच्या सगळ्या भागाचा सूर लावून देतं.

हे वेगळं संगीत आलं कुठून, तेही थोडं माहीत असलेलं बरं. बँडमधल्या रेजीन शासान यांचे आईवडील दुवालिए राजवटीच्या काळात हैती सोडून क्वेबेकमध्ये आले. लेक माँट्रियलची, तिथेच बँडमध्ये शिरली, आणि आईवडिलांच्या देशाचा ठेका तिच्या बँडच्या गाण्यात उतरला. परदेशात मुलं वाढवणाऱ्या आपल्यासारख्यांनी निदान एवढ्यासाठी तरी हा अल्बम ऐकावा. बँडची मंडळी हैतीतल्या जाकमेलच्या कार्निव्हलला गेली होती. तिथलं ‘रारा’ म्हणजे रस्त्यावरून वाजतगाजत जाणारं संगीत: ढोल आणि बांबूचे भोंगे. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा जवळ आला की छातीत जे होतं, तशीच त्याची ओढ. हैतीचे ताल घेऊन मिरवले असा आक्षेपही तेव्हा घेतला गेला. तो विचारात घ्यावा, पण आधी ऐकावं.

‘हिअर कम्स द नाइट टाइम’चा मूळ भाग तेवढा नीट कान देऊन ऐका. सुरुवातीला ठेका धावत सुटलेला असतो आणि मग एकदम पाय आखडता घेतो. खाली बेसची ठसठशीत चाल, वर डुलत चाललेलं गाणं. असं बराच वेळ चालतं आणि शेवटाकडे लय पुन्हा उसळते. पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये कितीतरी वस्त्यांत वीज नाही, सूर्य कलला की माणसं घराकडे धावत निघतात. ती धांदल या गाण्यात आहे. धर्मप्रसारासाठी आलेल्या परक्यांबद्दलचा रागही आहे. सहा मिनिटांच्या वर चालणाऱ्या या गाण्यातला एक क्षणसुद्धा कमी करावा असं मला वाटत नाही.

दुसऱ्या भागात ऑर्फियस आणि युरिडिसीची ग्रीक कथा आहे: मेलेल्या बायकोला पाताळातून परत आणणारा गायक मागे वळून बघतो आणि तिला कायमचं गमावतो. मार्सेल काम्यू यांचा १९५९ चा ‘ब्लॅक ऑर्फियस’ हा सिनेमा हीच कथा रिओच्या कार्निव्हलमध्ये नेतो, आणि बँडनं प्रेरणा त्यातूनच घेतली. मुखपृष्ठावरचं शिल्प रोदँ यांचं, तेही याच दोघांचं. सिनेमा मिळाला तर दुसऱ्या बैठकीच्या आधी बघा. ‘ऑफुल साउंड’ आणि ‘इट्स नेव्हर ओव्हर’ ही गाणी मग कोण कोणाला म्हणतंय ते आपोआप लागतं.

जुन्या श्रोत्यांचा राग मात्र लांबीपुरता नव्हता. आधीच्या ‘द सबर्ब्स’ला २०११ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं होतं. लोकांना पुन्हा तेच हवं होतं: गिटार आणि सगळ्यांनी मिळून गायच्या ओळी. बँडनं एलसीडी साउंडसिस्टिमच्या जेम्स मर्फी यांना निर्मितीत घेतलं आणि नाचाचा ठेका पुढे आणला. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’मध्ये बालगंधर्वांची पदं आपल्या अंगानं गायली, ती बालगंधर्वांचीच नक्कल हवी म्हणून ऐकायला बसलेल्याच्या हाती काय लागणार? इथेही तेच. आधीच्या अल्बमची मोजपट्टी बाहेर ठेवूनच आत या.

आणि जाहिरातीवरचा राग गाण्यावर काढू नका. भिंतींवर खडूनं काढलेली चिन्हं, मैफलीला नटूनथटून किंवा सोंग घेऊन यावं ही तिकिटासोबतची सूचना, यानं पुष्कळ लोक वैतागले. सक्ती नाही, असा खुलासा नंतर बँडला करावा लागला. तो वैताग रास्तच होता. पण त्यावरून ‘आफ्टरलाइफ’सारखं सुंदर गाणं वाईट ठरत नाही. तसंच, २०१४ मध्ये जूनो पुरस्कारांत वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला म्हणून त्यातलं प्रत्येक गाणं चांगलंही ठरत नाही.

कारण उणिवा आहेत, आणि त्या बोलून दाखवायलाच हव्यात. ‘फ्लॅशबल्ब आइज’ला आकार येण्याआधीच ते संपतं. ‘पोर्नो’ जागच्या जागी घुटमळतं. शेवटच्या ‘सुपरसिमेट्री’त गाणं संपल्यावर पाच मिनिटांहून अधिक काळ नुसते टेपचे उलटसुलट आवाज आहेत, ते मला अनाठायी वाटतात.

मत द्याल तेव्हा असं गाण्याचं नाव घेऊन द्या. ‘भंकस’ किंवा ‘भारी’ म्हटलं की बोलणं तिथेच खुंटतं. ‘चौथं गाणं उत्तम, अकरावं का ठेवलंय?’ असं विचारलंत, तर समोरचा पुन्हा ऐकून उत्तर देईल. घरात मुलगा किंवा मुलगी हा अल्बम लावत असेल, तर दार लोटून घेऊ नका. पहिली बैठक त्यांच्याबरोबर करा. तुमचं पटलं नाही तर ते सांगतील, त्यांचं पटलं नाही तर तुम्ही सांगा, आणि दुसऱ्या बैठकीचा दिवस तिथेच ठरवून टाका.