अहिंसेचा मक्ता एकाच्याच नावे?

२ ऑक्टोबर आला की अहिंसेचा मक्ता एकाच महापुरुषाच्या नावे केला जातो. पोरांकडून दांडीयात्रा पाठ करून घेतली जाते. १२ मार्च १९३० ला गांधीजी साबरमतीहून निघाले, हे खरेच. पण त्याच्या दहाच दिवस आधी, २ मार्चला, नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे आपल्या आया-बहिणींसह हजारो अस्पृश्यांनी सत्याग्रह सुरू केला होता. तो धड्यात का येत नाही?

त्याहीआधी २० मार्च १९२७ ला महाड घडले. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव कागदावर होताच. तरी ओंजळभर पाण्यासाठी लोकांची डोकी फोडली गेली. सोबत हजारोंचा समुदाय असताना बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उगारू दिला नाही. यालाही अहिंसाच म्हणतात. गांधीजींनी 'यंग इंडिया'त अस्पृश्यांच्या या संयमाची बाजू घेतली होती, हेही सांगितले पाहिजे. डिसेंबरच्या महाड परिषदेच्या मंडपात फोटो लागला तो गांधीजींचाच. तेव्हा आंबेडकरी माणूस जन्मजात गांधीद्वेष्टा, हा आरोप निव्वळ थापेबाजी आहे.

फाटले ते १९३२ साली. ऑगस्टच्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, वर सर्वसाधारण मतदारसंघातही मत दिले. मुसलमान आणि शिखांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी प्राण पणाला लावले नव्हते. आमच्याविरुद्ध मात्र २० सप्टेंबरला येरवडा तुरुंगात आमरण उपोषण! रक्ताचा थेंब न सांडणारे हे शस्त्र. पण गांधीजींचे काही बरेवाईट झाले असते, तर गावोगावच्या महारवाड्या-मांगवाड्यांवर काय गुदरले असते? ज्यांच्या हाती काठीसुद्धा नव्हती, ती माणसे या अहिंसेला ओलीस होती. २४ तारखेला बाबासाहेबांनी सही केली.

प्रांतिक जागा ७१ वरून १४८ झाल्या, म्हणून आजही काही विद्वान पुणे कराराचे गोडवे गातात. जागा वाढल्या, पण शेवटचा कौल सवर्णबहुल मतदारांच्या हाती गेला. आपला माणूस कोण, हे आता ते ठरवणार. त्याचा अनुभव खुद्द बाबासाहेबांनी घेतला. १९५२ साली उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर संविधानाचे शिल्पकार पडले आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. १९५४ ला भंडाऱ्यातही तेच झाले.

गांधीजींनी अस्पृश्यतेविरुद्ध देश पालथा घातला, सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. १९३४ साली पुण्यात त्यांच्यावर बॉम्ब टाकला गेला. ते श्रेय त्यांचे त्यांना द्यावे. पण लोकसभेत आज अनुसूचित जातींच्या ८४ राखीव जागा आहेत. वस्तीवर हल्ला होतो तेव्हा यांतले किती खासदार पक्षाच्या व्हिपला न जुमानता उभे राहतात, हे येत्या २४ सप्टेंबरला आपापल्या खासदाराला विचारा.