चहा टाकायला उठता येत नाही

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाने बोरन्हाणही ठेवलं होतं. बोरं मिळेनात म्हणून ब्लूबेरी, चुरमुऱ्यांत मार्शमेलो. काही घशात अडकू नये म्हणून आया डोळ्यांत तेल घालून बसलेल्या. तिथेच एक तरुण आई सहज बोलून गेली, "आम्ही बाथ सीट घेतलीय. बाळाला त्यात बसवलं की मी तेवढ्यात चहा टाकून येते." कुणी हटकलं नाही. उलट दोघीतिघींनी लिंक मागितली.

इंच-दोन इंच पाण्यातही तान्हं मूल बुडतं, आणि बहुतेक वेळा आवाजही न करता. बाथ सीट कलंडते, नाहीतर बाळ तिच्यातून खाली घसरतं. अमेरिकेत २०१० साली या सीटसाठी सक्तीचे नियम आले, तरीही अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना ती वापरू नका असंच सांगते. बाळ सतत हाताच्या टप्प्यात हवं, हे तिचं म्हणणं.

आता आज्यांची पद्धत आठवा. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळ पालथं, एक हात त्याच्या अंगावर. पाणी घालायला दुसरी बाई. दार वाजो की फोन, उठायची सोयच नाही! सुरक्षिततेचा याहून पक्का बंदोबस्त कुठल्या दुकानात मिळतो?

प्रस्तुत लेखिकेच्या घरी दोन्ही प्रकार झाले. थोरलीला सासूबाईंनी बाथटबमध्ये पाट टाकून पायांवर न्हाऊ घातलं. "आता पाठ, आता काख, बघू गं मान वर" अशी बडबड अखंड चालायची. पालथं असल्याने मान उचलायचा सरावही आपोआप. धाकट्याच्या वेळी सासूबाई नव्हत्या. मग टब आला, गाणारं बदक आलं. बदक गायचं आणि घरातली माणसं गप्प. बाळाच्या वाढीला हवा असतो तो त्याच्या हुंकाराला उत्तर देणारा चेहरा. बदक उत्तर देत नाही.

अंघोळीआधीच्या मालिशची थोरवी तर परक्यांनीही मानली. फ्रेडरिक लबॉये या फ्रेंच डॉक्टरने कोलकात्यातल्या एका आईला बाळाला तेल लावताना पाहिलं आणि १९७६ साली तिच्याच नावाने 'शांताला' हे पुस्तक काढलं. मायामीत टिफनी फील्ड यांच्या १९८६ च्या अभ्यासात, मालिश झालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन इतरांपेक्षा ४७ टक्के अधिक वेगाने वाढलं.

पण म्हणून आजीचं सगळंच उचलू नका. नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. काजळात शिसं असू शकतं. धुरीचा धूर तान्ह्या छातीला कशाला? आणि तेल लावलेलं बाळ मासोळीसारखं निसटतं, हेही ध्यानात ठेवा.

हे उंटावरून शेळ्या हाकणं वाटलं तर माफ करा. माहेर साता समुद्रांपलीकडे, नवरा कामावर, पाणी घालायला दुसरी बाई कुठून आणायची? पण एक सवलत डॉक्टरच देतात: पहिल्या वर्षात आठवड्यातून तीन अंघोळी पुरतात. नाळ गळेपर्यंत तर ओल्या फडक्याने पुसणंच बरं. थकला असाल तर खुशाल अंघोळ चुकवा, ती अर्धवट नजरेने उरकू नका.

पाणी जेमतेम दोन इंच, कोपराला कोमट लागेल इतपत. थर्मामीटर असेल तर ३७-३८ अंश. टॉवेल, लंगोट, दुपटं आधीच हाताशी घ्या आणि फोन बाहेर ठेवा. तरीही उठावंच लागलं, तर बाळाला ओलंच दुपट्यात गुंडाळून सोबत न्या.