पौषातली मिरची

डिसेंबर अर्धा सरला की पुण्याजवळच्या मारुंजीतल्या सोसायट्यांच्या बाल्कन्यांमधून एकच तक्रार ऐकू येऊ लागते. दिवाळीपर्यंत भरभरून लागलेली मिरची एकाएकी थांबते. फुलं येतात, दोन-तीन दिवस टिकतात आणि देठासकट गळतात. खालची पानं पिवळी पडतात, शेंड्याकडची आखडतात. "काका, मिरची गेली वाटतं. उपटून कोथिंबीर टाकू का?" असं सोसायटीच्या बागेत काम करणाऱ्या माळीकाकांना विचारलं जातं आणि "टाका की, ताई" असं उत्तरही लगेच येतं. संध्याकाळी ओल्या कचऱ्याच्या डब्यात मुळांसकट एक झाड पडलेलं असतं. खोडावर नख मारून पाहिलं तर साल आतून हिरवीगार.

ते झाड मेलेलं नसतं आणि म्हातारंही झालेलं नसतं. मिरची ही मुळात बारमाही वनस्पती. शेतकरी ती सात-आठ महिन्यांत काढतो, कारण त्याला रान पुढच्या पिकासाठी मोकळं करायचं असतं आणि जुन्या झाडांवर रोगराई वाढत जाते. कुंडीला असली कोणतीच घाई नसते. परसातलं मिरचीचं झाड नीट सांभाळलं तर दोन-तीन वर्षं सहज फळतं, त्याचं खोड लाकडासारखं टणक होतं आणि दुसऱ्या वर्षी ते नव्या रोपाच्या आधी फुलावर येतं. थंडीच्या दोन महिन्यांसाठी त्याचा बळी देणं हे निव्वळ नुकसान आहे.

मग थंडीत नेमकं बिघडतं काय? मिरचीचं फूल रात्रीच्या तापमानाला फार हळवं असतं. रात्री सलग १५-१६ अंशांच्या खाली जाऊ लागल्या की परागकण कमजोर होतात, फलन नीट होत नाही आणि झाड ते फूल टाकून देतं. एखादं टिकलंच तर त्यातून बुटकी, वाकडी, बियांचा पत्ता नसलेली मिरची निघते. दिवसा पारा ३५ च्या वर गेला तरी फुलं गळतात, म्हणजे एप्रिल-मेमध्येही हेच दुखणं उलट्या बाजूनं येतं. त्यामुळे पौषातली फुलगळ हा रोग नव्हे आणि कोणत्याही टॉनिकच्या बाटलीनं ती थांबत नाही. आधीच धरलेली मिरची मात्र थंडीत वाढते आणि पिकते, फक्त सावकाश. नंदुरबारच्या आसपास ऐन हिवाळ्यात मोकळ्या मैदानांवर लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या दिसतात, त्या पावसाळ्यात लावलेल्या पिकाच्या. कोरडी हवा आणि लख्ख ऊन तिथं वाळवणीला लागतंच. कुंडीतही हाच हिशेब चालतो. हिवाळ्यात मिरची तोडायची असेल तर झाड दिवाळीच्या आत फळांनी लगडलेलं हवं आणि त्यासाठी बी जून-जुलैत पडायला हवं.

पुण्याची थंडी किती, यावर दर वर्षी गप्पा रंगतात. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकरांनी 'सिमला ऑफिस' हे नाव कायमचं चिकटवलं. पुण्याच्या नोंदींतला नीचांक १९३५ च्या जानेवारीतला, १.७ अंशांचा. एरवी जानेवारीतलं सरासरी किमान तापमान ११ अंशांच्या आसपास असतं. शहरातही ते सगळीकडे सारखं नसतं. रोजच्या यादीत पाषाण, एनडीए, हवेली ही केंद्रं शिवाजीनगरच्या खाली असतात, तर मगरपट्टा, वडगाव शेरी बरीच वर. झाडी, मोकळं रान आणि पाणवठा असेल तिथं रात्र लवकर निवते. डांबर आणि काँक्रीट दिवसाची ऊब धरून ठेवतात. मारुंजी या दोहोंच्या सीमेवर बसली आहे. एका अंगाला हिंजवडीचा आयटी पार्क, दुसऱ्या अंगाला नेरे आणि कासारसाईकडची शेतं. रानाच्या बाजूला तोंड असलेल्या बाल्कनीत पहाटे शाल लागते, तर त्याच इमारतीच्या आतल्या चौकात फार गारवा जाणवत नाही. एकाच मजल्यावरच्या दोन घरांत मिरची वेगळी वागते, त्याचं अर्धं कारण हे.

उरलेलं अर्धं कारण ऊन. २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर चढतो आणि पूर्ण वेळ दक्षिणेकडून फिरतो. दक्षिणेच्या बाल्कनीत तो पार दिवाणखान्याच्या दारापर्यंत येतो. उत्तरेच्या बाल्कनीला त्याचं दर्शनही होत नाही. त्यात शेजारचा टॉवर. २२ मजली इमारत ६६ मीटर उंच धरली तर या दिवसांत तिची सावली भर दुपारीसुद्धा उत्तरेला सुमारे ६० मीटर लांब पडते आणि सकाळ-संध्याकाळी त्याहून कितीतरी लांब. मारुंजीत दोन टॉवरांमधलं अंतर अनेक ठिकाणी एवढंही नसतं. ऑक्टोबरात उन्हात न्हाणारी कुंडी डिसेंबरात दिवसभर सावलीत जाते आणि घरातल्यांच्या ते लक्षात येत नाही, कारण कुंडी तिथंच असते. म्हणून दर महिन्याला एकदा सुट्टीच्या दिवशी सकाळी ९ ला, १२ ला आणि ३ ला ऊन कुठं पडतं ते पाहावं. पाच-सहा तास थेट ऊन मिळेल तिथं कुंडी सरकवावी. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर शेतकऱ्यांना ऊन हे भांडवल म्हणून मोजायला शिकवत आणि पानाच्या क्षेत्रफळाचा हिशेब मांडत. बाल्कनीतल्या बागेला तो हिशेब शेतापेक्षाही जास्त लागू पडतो.

खरा घात होतो तो मुळांशी. पहाटेची गार फरशी आणि तिच्यावर टेकलेली प्लास्टिकची कुंडी: मातीचा गोळा थंड पडतो आणि गारठलेली मुळं पाणी ओढत नाहीत. सकाळी सात-साडेसातला पानं मलूल होऊन खाली लोंबतात. पाहणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय, म्हणून तांब्याभर पाणी पडतं. टाकीतलं ते पाणी आणखी गार असतं. अकराच्या उन्हात माती तापली की पानं आपोआप वर येतात. पाणी घातलेलं असो वा नसो. पण घातलेलं पाणी मात्र कुंडीत साचून राहतं, कारण थंडीत झाड ते फारसं वापरत नाही. असं पंधरा-वीस दिवस चाललं की मुळं कुजू लागतात आणि मग झाड खरोखर मरतं. थंडीनं मेलेल्या मिरच्यांपेक्षा थंडीत बुडवलेल्या मिरच्या जास्त.

उपाय साधे आहेत. कुंडी दोन विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवावी, खाली काथ्याचं पायपुसणं घातलं तर उत्तम. बोट मातीत दोन पेरं खुपसून पाहावं. आत ओल लागली तर पाणी घालू नये. घालायचं तेव्हा सकाळी दहानंतर, बादलीत उन्हाला ठेवलेलं पाणी घालावं. खोडाच्या पेरांवर जांभळट-काळे डाग दिसले तर घाबरू नये. थंडीत ते येतात आणि ऊब आली की नवी वाढ स्वच्छ निघते. फार गारठा असेल त्या रात्री झाडावर जुनं धोतर किंवा गोणपाट सैलसर टाकावं आणि सकाळी काढावं. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, विहिरीचं कोमट पाणी सोडतात. त्यांचा लाखोंचा माल वेलीवर असतो. कुंडीतल्या मिरचीसाठी गोणपाटाचा एक तुकडा पुरतो.

पानं आखडतात त्याचा मात्र थंडीशी थेट संबंध नाही, आणि इथं बहुतेकांची गल्लत होते. ज्याला शेतकरी बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात तो किडींचा उद्योग. पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार आला तर फुलकिडे. कडा खाली वळल्या, पान लांबट, जाड आणि ठिसूळ झालं तर कोळी. आणि पांढरी माशी विषाणू घेऊन येते तेव्हा सगळा शेंडाच गुच्छासारखा गोळा होतो. पहिल्या दोन्हींवर सकाळी पानाच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा मारणं आणि आठवड्यातून एकदा पाच टक्के निंबोळी अर्क फवारणं एवढं घरच्या झाडाला पुरतं. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून गाळली की अर्क तयार. विषाणू शिरलेलं झाड मात्र खरंच उपटावं, शेजारच्या कुंड्यांसाठी. उपटायचं कारण एवढं एकच.

जी झाडं निरोगी आहेत त्यांची जानेवारीत छाटणी करावी. खोड जिथं पहिल्यांदा दोन फांद्यांत फुटतं, त्याच्यावर चार-पाच बोटं ठेवून बाकीचं कापून टाकायचं. शेणखत, खतपाणी त्या काळात नाही; माघ सरेपर्यंत झाडाला विश्रांती. छाटलेलं झाड कुंडीत काठीसारखं उभं दिसतं आणि घरातल्या कुणाला तरी ते टाकून द्यावंसं वाटतं. त्यांना अडवावं. होळीच्या आसपास रात्री उबदार होतात, पेरापेरातून कोंब फुटतात, आणि तेव्हा वरची दोन इंच माती काढून नवी माती आणि मूठभर गांडूळखत घातलं की काम झालं.

ही पद्धत थंड देशांत सर्रास चालते. ब्रिटनमध्ये मिरचीची हौस असलेले लोक ऑक्टोबरात झाड छाटून घरात घेतात आणि मे महिन्यात पुन्हा बाहेर काढतात. लंडनच्या हिवाळ्यात दिवस जेमतेम आठ तासांचा, पुण्यात सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा. त्यांच्याकडे ऊब नाही आणि उजेडही नाही. तरी इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात जॉय आणि मायकेल मिशॉ या दाम्पत्यानं बांगलादेशी नागा मोरीच जातीच्या बियांपासून निवड करत प्लास्टिकच्या बोगद्यांमध्ये 'डॉर्सेट नागा' तयार केली आणि २००६ मध्ये तिच्या जहालपणाची बातमी जगभर गेली. हंगेरीत तर हिवाळा गोठवणारा, तरी सेगेद आणि कालोचा ही गावं पाप्रिकासाठीच ओळखली जातात. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी सेगेदच्या याच पाप्रिकातून 'क' जीवनसत्त्व किलोवारी वेगळं काढलं आणि १९३७ चं वैद्यकाचं नोबेल मिळवलं. जिथं बर्फ पडतो तिथं लोक मिरची पिकवून दाखवतात. मारुंजीत तर मिरचीला मारेल असा गोठवणारा गारठा पडतच नाही, फक्त दोन महिने तिची फळधारणा अडते. आणि मुळातही मिरची काही सपाट, तापलेल्या प्रदेशापुरतं झाड नाही. मेक्सिकोतल्या उंचावरच्या तेहुआकान खोऱ्यातल्या गुहांत तिचे हजारो वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत, आणि अँडीज पर्वतात पिकणारी जांभळ्या फुलांची, काळ्या बियांची रोकोतो ही जात तर गार हवेतच खुलते.

मारुंजीच्या बाल्कन्यांमधल्या मिरचीची आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी अशी आहे. इथली बहुतेक कुटुंबं नोकरीसाठी बाहेरून आलेली. त्यांच्याकडे येऊन राहणारे आई-वडील पिशवीत गावचं बी आणतात. कोल्हापूरकडची लवंगी येते, गडहिंग्लज-संकेश्वर पट्ट्यातली संकेश्वरी येते, विदर्भातून भौगोलिक मानांकन मिळालेली भिवापुरी येते. रोपवाटिकेत मिळणारी बहुतेक रोपं संकरित. त्यांचं बी पुढच्या वर्षी तसंच उतरेल याची खात्री नसते. गावाहून आलेल्या बियांचं मोल म्हणूनच मोठं. असं एखादंच झाड कुंडीत असेल आणि पौषात ते उपटलं गेलं, तर वाणही त्याच्याबरोबर त्या घरातून जातो. जपायचं असेल तर झाडावर पूर्ण लाल झालेल्या, पहिल्या-दुसऱ्या बहराच्या दोन मिरच्या वाळवून बी कागदाच्या पुडीत ठेवावं आणि पुडीवर नाव आणि वर्ष लिहावं. बाजारातलं बी घ्यायचं असेल तर पुसा ज्वाला किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले ज्योती कुंडीत चांगली येतात.

नवं रोप करायचं असेल तर मुहूर्त याच दिवसांत आहे. उन्हाळी मिरचीचं बी जानेवारी-फेब्रुवारीत पडतं. उघड्या बाल्कनीत या दिवसांत ते तीन आठवडे रुजत नाही, कारण त्याला २५ ते ३० अंशांची ऊब लागते. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, ओलसर टिपकागदात गुंडाळून, झाकणाच्या डबीत घालून फ्रीजवर किंवा वायफायच्या राउटरवर ठेवलं तर आठ-दहा दिवसांत पांढरा कोंब बाहेर येतो. मग ते लहान पेल्यात लावावं आणि उजेडाच्या खिडकीत ठेवावं. संक्रांतीच्या आठवड्यात भिजवलेलं बी मार्चच्या सुरुवातीला कुंडीत जाण्याजोगं रोप होतं आणि मेमध्ये पहिली हिरवी मिरची देतं. तोवर जुन्या, छाटलेल्या झाडाची मिरची घरात आलेली असते. म्हणून या आठवड्यात दोनच गोष्टी करा: बी भिजत घाला आणि जुन्या झाडाला हात लावायच्या आधी खोडावर नख मारून पाहा. आत हिरवं दिसलं तर ते झाड ठेवा.