एम.लिब. झालेल्यांना ताळेबंद कोण शिकवणार?

ग्रंथालयशास्त्राची पदवी असली की त्या माणसाला ग्रंथालय चालवता येतं, असं आपण सगळे धरून चालतो. मी एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर बरीच वर्षं आहे आणि माझं मत आता पक्कं झालंय. पुस्तक कुठल्या कपाटात ठेवायचं हे आपण पदवीधरांना फार चांगलं शिकवतो. ते कपाट ज्या इमारतीत आहे ती संस्था कशी जगवायची, हे जवळजवळ शिकवतच नाही.

ग्रंथपालाच्या मुलाखती घेताना मी दरवेळी एक गोष्ट करतो. आमचा छापील वार्षिक अहवाल टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, यातलं जमाखर्चाचं पान बघा आणि काय दिसतं ते सांगा. आलेली मुलं-मुली हुशार असतात. बी.लिब., एम.लिब., एखादी सेट पास. ड्युईचे वर्गांक तोंडपाठ. रंगनाथनांची पंचसूत्री १९३१ ची, हेही सालासकट. पण त्या पानावर नजर गेली की चेहरा कोरा. अनामत ही जमा नाही, देणं आहे, हे एम.लिब. झालेल्या मुलीला कुणी सांगितलेलंच नसतं. यात तिचा काय दोष?

आता कुणी म्हणेल, व्यवस्थापनाचा पेपर असतो की! असतो. त्यात टेलर असतो, फेयॉल असतो आणि लूथर गुलिकचं ते पॉसडकॉर्ब असतं, १९३७ चं. मुलं त्यातले सात अर्थ पाठ करतात, दहा मार्कांचं उत्तर लिहितात आणि विसरतात. झीरो बेस बजेटवर टीप लिहिलेल्या मुलाने खऱ्या ग्रंथालयाचं एकही बजेट पाहिलेलं नसतं. पोहण्याची लेखी परीक्षा घेण्यातला प्रकार आहे हा.

हे फक्त परीक्षेपुरतं राहिलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पण आज महाराष्ट्रातल्या वाचनालयांपुढे जे प्रश्न आहेत ते सगळे व्यवस्थापनाचेच आहेत. सगळ्यात मोठा आहे अभ्यासिकेचा.

कुठल्याही तालुक्याच्या गावात जा. देवघेव विभागात दुपारी शुकशुकाट आणि वरच्या मजल्यावर अभ्यासिकेत पाय ठेवायला जागा नाही. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, बँक. मुलं सकाळी सातला येतात आणि रात्री दहाला उठवावी लागतात. त्यांची महिन्याची फी वाचकांच्या वर्गणीपेक्षा जास्त येते. मग कार्यकारिणीत कुणीतरी म्हणतंच, बालविभाग बंद करू, तिथे अजून तीसेक टेबलं बसतील. आमच्याकडेही म्हटलं गेलं. दोन सभा त्यावर गेल्या. वकील बोलले, व्यापारी बोलले, निवृत्त मास्तर बोलले. ज्या बाई रोज तिथे बसतात, ज्यांच्या रजिस्टरमध्ये बालविभागातून महिन्याला किती पुस्तकं जातात ते लिहिलेलं आहे, त्या कोपऱ्यात चहाची व्यवस्था बघत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि बोलणं हे आपलं काम आहे असं त्यांनाही वाटलं नाही.

शिकून तयार झालेला ग्रंथपाल इथे काय बोलला असता? त्याने विचारलं असतं की परीक्षा पुढे ढकलली की फी भरणारी किती मुलं गळतात. रात्री दहापर्यंत दिवे आणि पंखे चालले तर वीजबिल किती वाढतं, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, त्या घरी जाताना रस्त्यावर दिवे असतात का. ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिकं यांच्यावर आपला वर्ग ठरतो, तो खाली आला तर अनुदानाचं काय. आणि आज बालविभागात येणारं पोर दहा वर्षांनी आपला आजीव सभासद होणार की नाही. कदाचित एवढं सगळं मांडूनही त्याने अभ्यासिकाच वाढवा असं सांगितलं असतं. चालेल ना! पण हिशेब मांडून सांगितलं असतं. आमच्याकडे बालविभाग वाचला तो एका सदस्याच्या नातीमुळे. हे काही धोरण नव्हे.

मोठ्या ठिकाणी गोष्ट वेगळी आहे असं समजू नका. वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी. म्हणजे नियतकालिकं घ्यायची कुठली हा विद्यापीठाच्या ग्रंथपालाचा जुना प्रश्न बराचसा दिल्लीतच सुटला. त्याच्यासाठी उरलं काय? तर प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी ती वापरावीत म्हणून खटपट करणं, कोण वापरतं आणि कोण नाही ते मोजणं, वाचलेला पैसा दुसरीकडे वळू न देता ग्रंथालयातच ठेवण्यासाठी वित्त विभागाशी भांडणं. यातलं कॅटलॉगिंग किती आणि व्यवस्थापन किती, तुम्हीच ठरवा.

गंमत म्हणजे आपल्याकडे याची सुरुवात फार चांगली झाली होती. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं आणि १९११ मध्ये तिथे ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. पण महाराज नुसता वर्ग काढून थांबले नाहीत. गावाने वर्गणी काढली की तेवढीच भर पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, अशी पैशाची घडी बसवली. पेट्यांमधून पुस्तकं खेड्यापाड्यांत फिरवली. शिक्षण, पैसा आणि वाटप यांचा एकत्र विचार होता. आपण त्यातला वर्ग तेवढा ठेवला.

आता सगळ्यात अवघड मुद्दा, आणि तो टाळून पुढे जाणं प्रामाणिक होणार नाही. पगार. महाराष्ट्रात शासनमान्य वाचनालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. आपल्या १९६७ च्या कायद्यात ग्रंथालय कर नाही, तमिळनाडू-कर्नाटकच्या कायद्यांत आहे. त्यामुळे सगळी मदार अनुदानावर. २०२२ मध्ये ते ६० टक्क्यांनी वाढलं, तेव्हा ड वर्गाचं ३० हजारांवरून ४८ हजार झालं. वर्षाचं, महिन्याचं नव्हे. त्यातली निम्मी रक्कम पगाराला धरली तर महिन्याला दोन हजार रुपये हातात पडतात. या माणसाला मी व्यवस्थापन शिकवायला निघालोय म्हटल्यावर तो हसेल, आणि त्याने हसावंच. ड वर्गाचा प्रश्न शिक्षणाचा नाही, सरकारच्या तिजोरीचा आहे.

पण अ आणि ब वर्गाची वाचनालयं आहेत, जुन्या शहरांतली शंभरी ओलांडलेली वाचनमंदिरं आहेत, कॉलेजं आहेत, विद्यापीठं आहेत. कित्येकांकडे गाळे आहेत, सभागृह आहे, ठेवी आहेत. तिथे पैसा अगदीच नाही असं नाही, तो मागणारा आणि त्याचा हिशेब देणारा माणूस नाही. गाळ्यांचे भाडेकरार कुणाच्या कपाटात आहेत हे ग्रंथपालाला माहीत नसतं, कारण ते 'कमिटीचं काम'. फाटलेली, कालबाह्य पुस्तकं निर्लेखित करायला तो घाबरतो, कारण उद्या वसुली आपल्याकडूनच निघेल ही भीती. मग १९८० च्या गाईडांनी कपाटं भरलेली, आणि नवीन कादंबरीला जागा नाही.

मला काय हवंय ते सांगतो. नव्या धोरणात पदव्युत्तरच्या पहिल्याच वर्षी ओजेटी आलंय, चार क्रेडिटचं. संधी चांगली आहे. पण एका ग्रंथालयात मी पाहिलं, ओजेटीला आलेल्या मुलांना शिक्के मारायला आणि दाखल नोंदवही उतरवायला बसवलं होतं. त्याऐवजी त्यांना कार्यकारिणीच्या सभेला बसवा. लेखापरीक्षक येतील त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसवा. अनुदानाचा प्रस्ताव त्यांच्याकडून लिहून घ्या आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात त्यांनाच पाठवा, त्रुटी काढून परत आला तरी. पाचशे वाचकांचं सर्वेक्षण करायला लावा, रद्दीवाल्यापासून प्रकाशकापर्यंत घासाघीस करायला लावा. आणि व्यवस्थापनाचा पेपर शिकवायला वर्षातून चार तास तरी असा माणूस बोलवा, ज्याने प्रत्यक्षात एखादं बुडतं वाचनालय वर काढलंय. असे लोक आहेत आपल्याकडे. त्यांच्याकडे पीएच.डी. नसेल, एवढंच.

बऱ्याच वाचनालयांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरच्या आत होतात. तुम्ही सभासद असाल तर जा. अहवालात पगारावर किती आणि पुस्तकांवर किती खर्च झाला ते विचारा, आणि उत्तर अध्यक्षांकडून न घेता ग्रंथपालाकडून मागा. आमच्या सभेसाठी मी 'ग्रंथपालांचे निवेदन, १५ मिनिटे' असा विषय लेखी दिलाय. सध्या तो विषयपत्रिकेवर सात नंबरला आहे, चहाच्या नंतर. चहाच्या आधी यावा म्हणून प्रयत्न चालू आहेत.